अंगणातली दगडी पवळ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात बागेच्या कडेने सिमेंटशिवाय रचलेल्या दगडी भिंतीचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. कोकणात जिला गडगा म्हणतात तीच ही भिंत. आपल्याकडे शेताच्या आणि मळ्याच्या कडेला ती पवळ या नावाने ओळखली जाते. पत्रांतले बरेच प्रश्न एकसारखे असल्यामुळे त्यांतले पाच निवडून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : जुळे सोलापूर भागात आमचे बैठे घर आहे. मागच्या बागेत भाजीचे वाफे आणि फुलझाडे यांच्यामध्ये साधारण २० फूट लांब आणि ३ फूट उंच दगडी भिंत मला आणि माझ्या यजमानांना स्वतःच्या हाताने रचायची आहे. गवंड्याला विचारले तर तो म्हणाला, ‘काकू, सिमेंटशिवाय दगड उभा राहत नाही.’ शिवाय आमची जमीन काळी आहे आणि विटांच्या आवारभिंतीला आधीच तडे गेले आहेत. आम्ही हा विचार सोडून द्यावा का?

उत्तर : मुळीच सोडू नये. गवंडी सांगतो ते त्याच्या रोजच्या कामापुरते खरे आहे, कारण विटेची भिंत सिमेंटच्या चिकटपणावर उभी असते. पवळीला उभे ठेवते ते दगडाचे वजन, दगडाला दगड घासून निर्माण होणारी पकड आणि भिंतीच्या दोन्ही तोंडांना, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या बाजूंना, दिलेला आतला कल. एक घनफूट भरीव काळा दगड सुमारे ८० किलो भरतो. असे दगड नीट एकमेकांवर बसले की त्यांना चिकटवण्याची गरज उरत नाही.

आता काळ्या मातीविषयी. या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. एप्रिल-मे महिन्यांत रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. सिमेंटची भिंत एकसंध आणि ताठ असते, त्यामुळे खालची जमीन एका टोकाला अर्धा इंच उचलली गेली तरी तिला कोठेतरी तडकावेच लागते. पवळीत मात्र शेकडो सांधे असतात आणि प्रत्येक सांधा केसभर सरकून ती हालचाल पोटात घेतो. म्हणून आपल्या आवारभिंतीला गेलेले तडे हे पवळ रचण्याच्या बाजूचेच कारण आहे.

याचा अर्थ पहिला थर थेट काळ्या मातीवर ठेवावा असा मात्र नाही. अडीच फूट रुंदीचा चर खणावा. फूट-दीड फुटावर मुरूम लागला तर तेथेच थांबावे. तो लागला नाही तर दीड फूट खोल जाऊन चरात पाणी शिंपडून मुरमाचे सहा-सहा इंचांचे थर धुम्मसाने, म्हणजे जमीन चोपायच्या जड ठोकण्याने, चोपावेत आणि वरचे सहा इंच पायाच्या दगडांसाठी मोकळे ठेवावेत. या पायात ढिगातले सर्वांत मोठे, बसके आणि बेढब दगड घालावेत. ते कोणाला दिसणार नसतात, पण पुढचे सर्व त्यांच्यावरच उभे राहणार असते.

तीन फूट उंचीसाठी तळाशी २ फूट आणि माथ्यावर १ फूट रुंदी धरावी, म्हणजे दोन्ही तोंडांना दर फुटाला २ इंच आतला कल मिळतो. नजरेने हा कल साधत नाही. लाकडी पट्ट्यांच्या याच मापाच्या दोन चौकटी करून त्या भिंतीच्या दोन टोकांना ओळंब्यात उभ्या कराव्यात, त्यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून घ्यावी आणि प्रत्येक थराबरोबर ती वर सरकवत न्यावी. भिंतीला दोन तोंडे असतात आणि मध्ये गाभा असतो. दोन्ही तोंडांचे थर बरोबरीने वर आणावेत आणि गाभा त्याच वेळी लहान अनगड, म्हणजे न घडवलेल्या, दगडांनी हाताने घट्ट भरत जावे. पुष्कळ जण कंटाळून गाभ्यात मुरूम किंवा माती ओततात. पहिल्या मोठ्या पावसात ती माती फटींतून वाहून जाते, नाहीतर फुगून दोन्ही तोंडांना बाहेर ढकलते, आणि दोष मात्र दगडांना लागतो.

नवशिक्याच्या हातून हमखास होणारी आणखी एक चूक म्हणजे दगडाची लांब बाजू दर्शनी ठेवणे. तसे केल्याने भिंत भराभर लांबत जाते आणि देखणीही दिसते, पण दगड केवळ कडेला चिकटल्यासारखा राहतो. दगडाची लांबी भिंतीच्या पोटात गेली पाहिजे आणि त्याचे आखूड तोंड तेवढे बाहेर दिसले पाहिजे. खालच्या थरातल्या दोन दगडांमधल्या सांध्यावर वरचा दगड यावा, म्हणजे सांधेमोड व्हावी; उभी दरज, म्हणजे सांध्याची फट, सलग तीन थर वर चढलेली दिसली तर तेवढा भाग तेव्हाच उतरवून पुन्हा रचावा. उंचीच्या मध्यावर, जेथे भिंतीची रुंदी दीड फूट उरते, तेथे दर तीन फुटांवर एक आरपार जाणारा दगड घालावा. हे सहा-सात दगड दोन्ही तोंडांना एकमेकांशी बांधतात. एवढे लांब दगड न मिळाल्यास दोन्ही बाजूंनी दोन लांबट दगड आत घेऊन ते मध्ये एकमेकांशेजारी निम्मेअधिक सरकतील असे बसवावेत.

दगड बसला की नाही हे कसे ओळखावे, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण सारी विद्या येथेच आहे. दगड ठेवल्यावर दोन्ही तळवे त्याच्या दोन कोपऱ्यांवर ठेवून आळीपाळीने दाबावे. तो डुगडुगला तर ‘टक्’ असा बारीक आवाज येतो आणि तळव्याला हालचाल जाणवते. लगेच कपची शोधू नये. आधी दगड उलटा करून पाहावा, मग फिरवून पाहावा, कारण बहुतेक दगडांना एक तरी बूड असतेच. तरीही तो हलत राहिला तर भिंतीच्या आतल्या बाजूने, मागून, पाचरीसारखी निमुळती कपची सरकवून हातोड्याने हलकेच ठोकावी. बाहेरून ठोकलेली कपची दोन-तीन पावसाळ्यांत निसटून पडते आणि तिच्या आधाराने बसलेला दगड पुन्हा मोकळा होतो. नीट बसलेल्या दगडावर हातोडा टेकवला तर आवाज भरीव येतो. चार-पाच दिवस काम केल्यावर हा फरक कानाला आपोआप कळू लागतो.

या मापाच्या भिंतीला पायासकट सुमारे ११५ घनफूट रचाई लागते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट; पण आलेल्यातला प्रत्येक दगड उपयोगी पडत नाही, म्हणून दीड ब्रास मागवावे. आपण दोघांनी मिळून दिवसाला तीन फूट लांबी पूर्ण केली तरी ते उत्तम काम समजावे. पोलादी टोपीचे बूट, जाड हातमोजे आणि दगड फोडताना चष्मा, या तीन गोष्टींशिवाय कामाला हात लावू नये.

प्रश्न : आमचे बार्शीचे जुने घर पाडले, त्याचे घडीव दगड पडून आहेत. काही जण म्हणतात की बागेच्या भिंतीला अनगड दगडच हवा. दगड कमी पडले तर ओढ्यातून आणावेत का?

उत्तर : आपल्याकडे सोनेच पडून आहे असे समजावे. घडीव दगडाला दोन-तीन सपाट बाजू असतात, त्यामुळे भिंतीची टोके, कोपरे आणि माथा यांसाठी त्यासारखे काही नाही. मधला भाग अनगड डबराने, म्हणजे खाणीतल्या ओबडधोबड दगडांनी, रचावा. घडीव दगड चुन्याशिवाय किती नेमके बसू शकतात हे पाहायचे असेल तर दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर असलेल्या हत्तरसंग कुडलला एकदा जरूर जावे. शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख पाहायला लोक तेथे जातात. लेख वाचून झाल्यावर थोडा वेळ देवळाच्या भिंतींतल्या दरजांकडेही पाहावे. आपल्याला बागेत तेवढी नेमकी घडाई करायची नाही, पण दगडावर दगड कसा विसावतो हे डोळ्यांत साठवून ठेवण्यासारखे आहे.

जुन्या दगडांना चिकटलेला चुना किंवा सिमेंट छन्नीने काढून टाकावे, नाहीतर त्या गुठळीवर दगड डुगडुगत राहतो. ओढ्यातले गोटे घेऊ नयेत. ते गुळगुळीत आणि वाटोळे असल्यामुळे एकमेकांना पकडत नाहीत. शिवाय ओढ्यातला किंवा सरकारी माळावरचा दगड हा गौण खनिजात मोडतो आणि तो परवानगीशिवाय उचलल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४८ खाली कारवाई होऊ शकते. खाणीतून डबर मागवतानाही वाहतुकीचा परवाना पाहून घ्यावा. आपल्याकडे सर्वत्र मिळणारे शहाबादी फरशीचे तुकडे फूटभर उंचीच्या वाफ्याच्या कडेला छान रचता येतात. मात्र ते पातळ असतात आणि पोकळ जागेवर भार पडला की मोडतात, म्हणून उंच भिंतीच्या अंगात ते वापरू नयेत.

प्रश्न : मंगळवेढ्याजवळ आमच्या घरामागे उताराची जागा आहे. ती सपाट करून डाळिंबाची आणि लिंबाची चार झाडे लावण्यासाठी गेल्या वर्षी अडीच फुटांची दगडी भिंत रचून मागे माती भरली. परतीच्या पावसात भिंत मधोमध फुगली आहे. आता बाहेरून सिमेंटचा गिलावा केला तर ती थांबेल काय?

उत्तर : कृपा करून गिलावा करू नये. आपल्या भिंतीला जे झाले तेच काही वर्षांपूर्वी माझ्या घरामागच्या भिंतीला झाले होते. चर खणताना निघालेली काळी माती दूर टाकायचा कंटाळा केला आणि तीच मी भिंतीच्या पाठीला लावून भरली. सप्टेंबरात तीन दिवस झड लागली आणि चौथ्या दिवशी सकाळी भिंतीला पोट आलेले दिसले. आठ फूट लांबीचा भाग उतरवताना कारण हाताला लागले: मागच्या सगळ्या फटी गाळाने लिंपल्यासारख्या बंद झाल्या होत्या आणि खालचे दोन थर काढल्यावर मागे साचलेले पाणी मनगटापर्यंत आले. एवढे पाणी आणि फुगलेली माती ढकलू लागली तर कोणतीही भिंत हटणारच. गिलाव्याने पाण्याच्या उरल्यासुरल्या वाटाही बंद होतात, आणि मग भिंत फुगण्याऐवजी एकदम कोसळते.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, म्हणून पाण्याच्या निचऱ्याचा विचार आपण करत नाही. पण हा पाऊस वर्षभर वाटून पडत नाही. सप्टेंबरात तो चार-दोन दिवसांत बदाबदा कोसळतो. भिंतीची परीक्षा त्याच दिवसांत होते.

आता उपाय. फुगलेला भाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा दोन-दोन फूट भाग पूर्ण उतरवावा, मागची माती फूट-सव्वाफूट मागे खोदून काढावी आणि पुन्हा रचताना तळाची रुंदी दीड फुटापेक्षा कमी ठेवू नये. दर्शनी तोंडाला दर फुटाला २ इंच कल द्यावा, तो मातीकडे झुकलेला असावा, आणि प्रत्येक दगडाचे मागचे टोक पुढच्यापेक्षा किंचित खाली राहील असे पाहावे, म्हणजे मातीने ढकलले तरी दगड पुढे घसरत नाही. भिंतीच्या पाठीशी आधी डबर, त्यामागे खडी, त्यामागे मुरूम आणि सर्वांत शेवटी माती, असा जाडाकडून बारकाकडे जाणारा भराव करावा. या क्रमाने पाणी पुढे झिरपते आणि माती मात्र मागे अडते. गच्चीच्या पन्हाळीचे पाणी त्या भरावावर सोडले असेल तर ते आजच दुसरीकडे वळवावे. भिंत चार फुटांपेक्षा उंच करायची असल्यास किंवा तिच्या माथ्यावरून गाडी जाणार असल्यास मात्र हे घरगुती काम राहत नाही. त्यासाठी अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

ही रीत आपल्याला परकी नाही. मृदसंधारणाच्या कामांत लहान ओहोळांवर जे अनगड दगडी बांध घालतात, तेही याच तत्त्वावर उभे असतात: पाण्याचा वेग मोडायचा, गाळ अडवायचा, पण पाण्याला फटींतून वाट द्यायची. इटली, ग्रीस, स्पेन यांसारख्या देशांत डोंगरउतारावरच्या द्राक्षांच्या आणि ऑलिव्हच्या बागा अशाच रचलेल्या भिंतींवर शतकानुशतके टिकल्या आहेत. २०१८ साली युरोपातल्या आठ देशांच्या या कोरड्या रचाईच्या विद्येला युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले आणि २०२४ मध्ये आणखी पाच देश त्यात आले. आपल्या वडार आणि पाथरवट कारागिरांच्या हातात हीच विद्या आहे. आपल्या गावात असा एखादा वृद्ध कारागीर असेल तर त्याला एक दिवस सन्मानाने बोलावून त्याचे काम शेजारी बसून पाहावे. माझ्या दहा उत्तरांनी जे कळणार नाही ते त्या एका दिवसात कळेल.

प्रश्न : होटगी रस्त्यावर आमचा बंगला आहे, मागे मोकळा माळ आहे आणि घरात चार आणि सात वर्षांची मुले आहेत. दगडांच्या फटींत साप आणि विंचू येतील अशी सासूबाईंना भीती वाटते. ही भीती खरी आहे का?

उत्तर : सासूबाईंची भीती अगदी रास्त आहे, तिला उडवून लावू नये. माळरानाच्या दगडगोट्यांत फुरसे आणि विंचू राहतातच, आणि फटी असलेली भिंत त्यांना सोयीची असते. त्याच फटींत पाली, सापसुरळ्या आणि बेडूकही राहतात आणि बागेतली कीड खातात हे खरे असले, तरी लहान मुले असलेल्या घरात तो लाभ दुसऱ्या क्रमांकाचा धरावा. माझे स्पष्ट मत असे की धाकटे मूल थोडे मोठे होईपर्यंत माळाच्या बाजूला पवळ रचू नये. रचायचीच असेल तर ती घराच्या दारापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून निदान पंधरा फूट दूर असावी, दीड फुटापेक्षा उंच नसावी आणि तिच्या माथ्यावर मुलांना ढकलता येणार नाहीत असे जड, सपाट दगड असावेत. गाभा घट्ट भरलेला असावा, पायथ्याशी पालापाचोळा साचू देऊ नये आणि जवळपास कोंबड्यांचे किंवा पाखरांचे दाणे सांडू देऊ नयेत, कारण दाण्यांमागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप.

काम करताना दगडांच्या ढिगातला दगड नेहमी पलीकडची कड धरून आपल्या दिशेने उचलावा. खाली काही असलेच तर दगड त्याच्या आणि आपल्या मध्ये राहतो आणि त्याला पलीकडे निघून जायला वाट मिळते. फटीत बोट कधीही घालू नये. साप चावल्यास जखम कापू नये, दोरी आवळू नये. तो अवयव हलू न देता १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णाला ताबडतोब सरकारी रुग्णालयात न्यावे. लाल विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या किंवा हातपाय गार पडले तर घरगुती उपायांत एक क्षणही घालवू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या संशोधनामुळे या दंशावर प्राझोसिन हे प्रभावी औषध उपलब्ध झाले आहे, पण ते वेळेत पोटात गेले पाहिजे.

प्रश्न : सांगोल्यात आम्ही दोघा भावांनी मिळून पवळ पूर्ण केली आहे. फटींत गवत उगवू नये म्हणून दरजा सिमेंटने भरून घ्याव्यात असे वडील म्हणतात. देखभालीसाठी आणखी काय करावे?

उत्तर : वडिलांना आदरपूर्वक सांगावे की दरजा भरल्या तर पवळ ना धड पवळ राहील ना धड सिमेंटची भिंत होईल. गवत हाताने उपटता येते. खरा धोका पिंपळ, वड आणि कडुनिंबाच्या रोपांचा असतो; ती दोन पानांची असतानाच मुळासकट काढावीत, कारण मूळ एकदा गाभ्यात जाडावले की थर उतरवल्याशिवाय ते निघत नाही. फटींत मुद्दाम काही लावायचे असेल तर पानफुटी किंवा लहान कोरफड लावावी. तापलेल्या दगडाच्या धगीत आणि थोड्या मातीत त्या तग धरतात.

देखभाल अगदी थोडी आहे. परतीचा पाऊस उघडला की ऑक्टोबरात एकदा भिंतीच्या टोकाशी खाली बसून तोंडाच्या रेषेत नजर टाकावी, म्हणजे कोठे फुगवटा येऊ लागला असल्यास लगेच दिसतो. माथ्याचे दगड तळव्याने दाबून पाहावेत. शेळी चढली किंवा मुलांनी उडी मारली की हेच दगड आधी सुटतात. पडलेला दगड त्याच दिवशी परत बसवावा, कारण तो खाली राहिला की शेजारचे दोन सैल होतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत हातभर रुंदीची खिंड पडते. त्यासाठी पाच-सहा चांगले बुडाचे दगड आणि घमेलेभर कपच्या भिंतीच्या टोकाशी आजच वेगळ्या काढून ठेवाव्यात.